घरात वीज तीन दारांनी येते तेव्हा

मैत्रिणींनो, तुमच्या घरात वीज किती दारांनी येते, असं कुणी विचारलं तर काय सांगाल? पूर्वी या प्रश्नाला काही अर्थच नव्हता. खांबावरून तार यायची, मीटरमध्ये शिरायची आणि तिथून घरभर. आता तसं राहिलेलं नाही. आमच्या घरी छतावर सौर पॅनेल आहेत, जिन्याखाली बॅटरी आहे आणि मागच्या अंगणात जनरेटरही आहे. खांबावरची वीज, सूर्याची वीज आणि पेट्रोलची वीज. तिघी एका घरात नांदायला आल्या म्हणजे तीन जावा एका स्वयंपाकघरात आल्यासारखंच. प्रत्येकीच्या अंगी गुण आहेत. पण ओट्यापाशी कुणी केव्हा उभं राहायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर भांड्याला भांडं लागणारच. आणि इथे नुसत्या आवाजावर भागत नाही. एखाद्याच्या जिवावर बेततं.

‘हा विषय पुरुषांचा’ असं म्हणून पान उलटू नका. तारा जोडायचं काम वायरमनचं, हे खरं. पण लाईट गेल्यावर घरात काय चालू राहिलं पाहिजे आणि काय बंद राहिलं तरी चालेल, हे घरातल्या बाईइतकं कुणाला ठाऊक असतं? आमच्या वायरमनने कामाला हात घालण्याआधी वही काढली आणि यांना काही न विचारता मलाच विचारलं, “वहिनी, पहिलं सांगा, लाईट गेली की काय काय चालू पाहिजे?” मला तो माणूस तिथेच पटला.

आम्हांला हे सगळं का लागलं?

आम्ही दापोली तालुक्यात राहतो. नारळी-पोफळीची लहानशी वाडी, पुढे कौलारू घर, मागे नंतर बांधलेल्या दोन खोल्यांवर स्लॅब. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आमच्या भागालाही त्याने झोडपून काढलं. माड मुळासकट आडवे झाले, विजेचे खांब काड्यांसारखे मोडले. आमच्या आळीत लाईट आली ती सव्विसाव्या दिवशी. पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा पुन्हा काही दिवस अंधार. कोकणात राहायचं तर हे धरूनच चालायला हवं.

सव्वीस दिवस आम्ही काढले. कंदील होते, विहिरीवर रहाट होता, धान्य होतं. पण तेव्हा सासूबाईंना ऑक्सिजन लागत नव्हता. 2022 च्या थंडीत त्यांचा दम फार वाढला. पन्नासेक वर्षं चुलीपुढे बसून फुंकणी फुंकलेली बाई. तो धूर छातीत साठत गेला होता, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. रात्रभर आणि दिवसाचे काही तास, मिळून पंधरा तास ते चालवावं लागतं. हे यंत्र हवेतूनच प्राणवायू वेगळा करतं, त्यामुळे सारखं सिलिंडर भरून आणायला नको. पण त्याला वीज लागते. वीज गेली की दोन मिनिटांत ते केकाटायला लागतं. त्या आवाजाने सासूबाई घाबरतात आणि घाबरल्या की दम आणखी वाढतो.

तेव्हा आमच्यापुढे प्रश्न सरळ होता. वादळ आलं, आठ-पंधरा दिवस खांबावरची वीज नाही, आभाळ भरलेलं असल्याने पॅनेलही अर्धपोटी. अशा वेळी रोज पंधरा तास हे यंत्र कसं चालवायचं?

छतावर पॅनेल आहेत, मग लाईट कशी जाते?

माझ्या चिपळूणच्या जाऊबाईंकडे नुसतेच पॅनेल आहेत, बॅटरी नाही. भर दुपारी लाईट गेली की त्यांच्याकडे पंखाही फिरत नाही. “छतावर एवढं ऊन पडलंय आणि घरात मी वारा घेतेय पदराने!” असं त्या चिडून म्हणतात. त्यांच्याकडे काही बिघडलेलं नाही. ते यंत्र तसंच बनवलेलं असतं.

कारण असं. वीज कंपनीच्या तारांना जोडलेला सौर इन्व्हर्टर त्या तारांतल्या विजेच्या तालावर चालतो. बाहेरची वीज गेली की दोन सेकंदांच्या आत त्याने स्वतःला बंद करून घ्यायचं, असा नियम आहे. नाहीतर आपल्या छतावरची वीज बाहेरच्या बंद तारांत शिरेल, आणि ‘लाईन बंद आहे’ अशा समजुतीने खांबावर चढलेल्या माणसाला झटका बसेल. म्हणून त्याने बंद पडणं हेच त्याचं शहाणपण.

आपल्याला मात्र घर चालू हवं. त्यासाठी लागतो तो हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी. बाहेरची वीज गेली की हा इन्व्हर्टर आधी बाहेरच्या तारेशी संबंध तोडतो आणि मग घरातल्या ठरावीक बोर्डाला बॅटरीतून व पॅनेलमधून वीज देतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, ऑक्सिजनच्या यंत्राला कळतही नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे छतावरच्या सौरऊर्जेविषयी 2019 चे नियम आहेत. बॅटरी ठेवायची असेल तर तिची वायरिंग वेगळी हवी आणि बाहेरच्या तारांपासून तोडणारा खटका आपोआप चालणारा तसाच हाताने चालणाराही हवा, असं त्यांत सांगितलं आहे. काम करणारा ‘हाताचा खटका कशाला?’ म्हणू लागला, तर त्याला हे जरूर सांगा.

आम्ही 2024 मध्ये 3 किलोवॅटचे पॅनेल बसवले. त्या वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान ठरलं होतं. ते पॅनेलच्या किलोवॅटवर मिळालं. बॅटरीचा खर्च आपला आपण करायचा होता. बॅटरी 5 युनिटची, लिथियमची घेतली. जनरेटर आला 2025 च्या उन्हाळ्यात, पावसाच्या आधी.

आधी वही, मग वायर

आता ती वही. वायरमनने मला दोन याद्या करायला सांगितल्या. पहिलीत ‘हवंच’ असं, दुसरीत ‘चालेल’ असं. पहिल्या यादीत आलं ते असं:

ऑक्सिजनचं यंत्र, साधारण 350 वॅट, पंधरा तास: सव्वापाच युनिट.
फ्रिज (सासऱ्यांचं इन्शुलिन त्यात असतं): दिवसाला एक युनिट.
कमी विजेवर चालणारे दोन पंखे, 30 वॅटचे, बारा तास: पाऊण युनिट.
एलईडीचे पाच दिवे, मोबाईल आणि वाय-फाय: अर्धं युनिट.

एकूण झाली साडेसात युनिटं. गीझर, इस्त्री, वॉशिंग मशीन, ओव्हन आणि विहिरीचा पंप ही सगळी मंडळी दुसऱ्या यादीत. त्यांच्या तारा वेगळ्या बोर्डावर घेतल्या. म्हणजे लाईट गेल्यावर कुणी चुकून गीझरचं बटण दाबलं तरी काही होत नाही. दोन हजार वॅटचा गीझर एका तासात आमच्या बॅटरीचा जवळजवळ अर्धा साठा पिऊन टाकेल. पंपाचं दुखणं निराळं. सुरू होताना तो क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढतो आणि लहान इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. पाण्यासाठी आमचा जुना रहाट आम्ही काढलेला नाही, आणि वादळाचा इशारा आला की टाकी, हंडे, कळशा सगळं भरून ठेवतो. पाणी साठवून ठेवणं हीसुद्धा वीज साठवणंच आहे, नाही का?

आता जमेची बाजू बघा. 5 युनिटच्या बॅटरीतून तिचा तळ न गाठता साडेचार युनिटं निघतात. चांगल्या उन्हात 3 किलोवॅटचे पॅनेल दिवसाला बारा युनिटं सहज देतात. तेव्हा जनरेटरची आठवणही नको. पण पावसाळ्यातल्या काळोख्या दिवशी आमच्या छतावर जेमतेम तीन युनिटं निघतात. तीन आणि साडेचार, झाली साडेसात. म्हणजे पहिला दिवस निभावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी रिकामी, आणि आभाळ तसंच. रोजची जी साडेचार युनिटांची तूट, ती भरायला जनरेटर. त्याचं काम एवढंच.

किती मोठा जनरेटर?

यांचं म्हणणं होतं, “घ्यायचाच तर मोठा घेऊ, सगळं घर चालेल.” वायरमन हसून म्हणाला, “साहेब, मोठा घेतलात तर पेट्रोलही मोठंच पिणार.” आणि त्याने जे समजावलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर सांगते.

जनरेटरला रात्रभर एका 350 वॅटच्या यंत्रासाठी चालवणं म्हणजे एका कपभर चहासाठी बंब पेटवणं. कमी कामावरही इंजिन फिरत राहतंच, पेट्रोल जळत राहतं, आवाज होत राहतो. त्यापेक्षा त्याला दिवसातून तीनच तास, पण भरपूर काम देऊन चालवा. त्या तीन तासांत तो बॅटरी भरून ठेवील आणि रात्रभर बॅटरी मुकाट्याने यंत्र चालवील. आमचा जनरेटर अडीच के.व्ही.ए.चा आहे. त्याच्यावर सतत दोन किलोवॅटच्या वर भार टाकायचा नाही, असं ठरवलं. इन्व्हर्टरमध्ये बॅटरी भरायचा वेग नेमून देता येतो. तो 30 अँपिअरवर ठेवला आहे. म्हणजे तासाला दीड युनिट बॅटरीत जातं. तीन तासांत साडेचार. बरोब्बर आपली तूट! पेट्रोल लागतं तासाला साधारण लिटरभर.

हा वेग नेमून देण्याची गोष्ट वायरमनकडून नक्की करून घ्या. तो ठरवून दिला नाही, तर इन्व्हर्टर खांबावरच्या विजेसारखीच जनरेटरकडूनही वाटेल तेवढी वीज मागतो आणि लहान जनरेटर धापा टाकून बंद पडतो.

दुसरं असं की साध्या स्वस्त जनरेटरची वीज भार कमीजास्त झाला की डुगडुगते. आपली वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची असायला हवी. ती फार हलली तर हायब्रिड इन्व्हर्टर नाक मुरडतो आणि जनरेटर चालू असूनही बॅटरी भरायला नकार देतो. ‘इन्व्हर्टर जनरेटर’ म्हणून जो प्रकार मिळतो त्याची वीज स्थिर असते. किंमत जास्त पडते. पण पैसे देण्याआधी तोच जनरेटर आपल्या घरच्या इन्व्हर्टरला लावून अर्धा तास चालवून दाखवायला सांगा. साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतो, मग इथे का नाही?

आणि एक खास बायकांसाठी. दोरी ओढून सुरू होणारा जनरेटर घ्यायचा असेल तर दुकानात स्वतः ओढून पाहा. हे घरी नसताना, पावसात, घाबरलेल्या मनाने ती दोरी तुम्हांलाच ओढायची आहे. मला ती दोन हातांनीही नीट ओढवेना. आम्ही किल्लीने सुरू होणारा घेतला.

जोडायचा कुठे?

इथे तीन पद्धती आहेत. तुमच्या घरी कुठली बसेल ते इन्व्हर्टर पाहून ठरतं.

पहिली आणि सगळ्यांत सोयीची: काही हायब्रिड इन्व्हर्टरना जनरेटरसाठी वेगळं टर्मिनल असतं. खांबावरची वीज एका दाराने, जनरेटरची दुसऱ्या दाराने. दोन्ही दारं एकदम उघडणार नाहीत, याची काळजी इन्व्हर्टर स्वतः घेतो. काहींत बॅटरी उतरली की जनरेटर आपोआप सुरू करायचीही सोय असते. आम्ही ती मुद्दाम घेतली नाही. सुरू करण्याआधी कुणीतरी मागे जाऊन, धूर कुठे जातोय आणि वर माडाची झावळी पडलेली नाही ना, हे पाहावं असं मला वाटतं.

दुसरी: इन्व्हर्टरला बाहेरच्या विजेचं एकच दार असेल, तर त्याच्या आधी हाताने फिरवायचा चेंजओव्हर खटका बसवायचा. एका बाजूला खांबावरची वीज, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला जनरेटर. खटका फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा. या पद्धतीत एक मेख आहे. इन्व्हर्टरला वाटतं की आलेली वीज वीज कंपनीचीच आहे, आणि ऊन पडलं की तो पॅनेलची जास्तीची वीज त्या दाराने बाहेर ढकलू पाहतो. वीज कंपनीच्या जाळ्यात ती सामावते, नेट मीटर ती मोजतो. पण जनरेटरच्या पोटात वीज ढकलली तर तो बिघडतो. तेव्हा जनरेटर लावला असताना वीज बाहेर पाठवणं बंद राहील अशी सोय करून घेतलीच पाहिजे.

ज्यांच्याकडे आधीचा साधा सौर इन्व्हर्टर तसाच ठेवून नंतर बॅटरीचा दुसरा इन्व्हर्टर जोडला आहे, त्यांनी तर जास्तच जपावं. जनरेटरची वीज दिसली की जुना इन्व्हर्टर ‘लाईट आली’ असं समजून जागा होतो. जनरेटर चालू असेपर्यंत त्याचा खटका पाडून ठेवावा, हे उत्तम.

तिसरी पद्धत गरिबाची, पण वाईट नाही. जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचाच नाही. त्याच्या अंगावर जो सॉकेट असतो, त्यातून चांगल्या जाड वायरने ऑक्सिजनचं यंत्र किंवा फ्रिज थेट चालवायचा. ज्यांच्याकडे सौर वगैरे काही नाही, त्यांनाही हे जमेल.

जनरेटरला अर्थिंग हवंच. न्यूट्रल कुठे जोडायचा ते परवानाधारक वायरमननेच ठरवावं. तो नीट जोडलेला नसेल, तर झटका बसताना वीज तोडणारा आपला ई.एल.सी.बी. ऐन वेळी गप्प बसू शकतो.

जे कधीही करायचं नाही

मैत्रिणींनो, आता जे सांगते ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

2020 च्या त्या सव्वीस दिवसांत आमच्याकडे दुसऱ्या जिल्ह्यांतून लाईनमन आले होते. पाच-सहा जण आमच्या ओटीवर पथाऱ्या टाकून झोपत. पंचविशीतली पोरं, दिवसभर चिखलातून खांब ओढायची आणि रात्री पिठलं-भात जेवून पडायची. एका संध्याकाळी ती जेवायला बसली ती गप्पच. मी विचारलं तेव्हा त्यांतला थोरला म्हणाला, “वैनी, आज वाचलो. लाईन बंद, सगळं बंद, आणि तारेत करंट. आम्ही चढायच्या आधी तारा अर्थ करतो म्हणून वाचलो.” शोध घेतला तेव्हा कळलं, पलीकडच्या वाडीत कुणीतरी जनरेटर आणला होता आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून ती सरळ घरातल्या सॉकेटमध्ये खुपसली होती. मेन स्विच पाडायचा राहिला. वीज घरात आली तशी मीटरमधून उलटी बाहेरही गेली.

आणि नुसती गेली एवढंच नाही. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. जो 11 हजार व्होल्टचे आपल्यासाठी 230 करतो, तोच उलट बाजूने आलेल्या 230 चे 11 हजार करू शकतो. आपल्या अंगणातला एवढासा जनरेटर, आणि दूर कुठेतरी खांबावर चढलेल्या, कुणाच्या तरी मुलाच्या हातात 11 हजार व्होल्ट!

‘मेन स्विच पाडला की झालं’ असं काही जण म्हणतात. माणसाच्या आठवणीवर कुणाचा जीव टांगू नये. चेंजओव्हर खटका एका वेळी एकाच बाजूला जातो, विसरायची सोयच ठेवत नाही. म्हणून तो हवा. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर कुणी घरात करून ठेवली असेल तर आजच कापून टाका.

धुराचं आणि पेट्रोलचं

ज्या बाईने जन्मभर चुलीचा धूर गिळला, तिच्या खिडकीखाली जनरेटरचा धूर सोडायचा का? हा प्रश्न मी जागा ठरवतानाच विचारला. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपेतच माणूस जातो. म्हणून जनरेटर पडवीत नको, जिन्याखाली नको, खिडकी उघडी ठेवलेल्या खोलीतही नको. दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब, उघड्यावर. पावसासाठी आम्ही चार खांबांवर पत्रा टाकला आहे. बाजू चारही मोकळ्या. धुराचं तोंड घराकडे पाठ करून.

पेट्रोल आम्ही दहा लिटरच ठेवतो, तेही घराबाहेर, चांगल्या झाकणाच्या डब्यात. जनरेटर गरम असताना त्यात पेट्रोल ओतायचं नाही. आधी बंद करून निवू द्यायचा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल धरतं, आणि आमच्या कोकणात ओलीला काय तोटा! त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी साठवलेलं पेट्रोल स्कूटरमध्ये घालून संपवतो आणि ताजं आणतो. जनरेटर महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं भारावर चालवतो.

ऑक्सिजनच्या खोलीत उदबत्ती नाही, निरांजन नाही, काडेपेटी नाही. सासूबाईंना हे सांगणं मला जड गेलं, कारण त्यांची देवाची जागा त्याच खोलीत होती. देव आता माजघरात आले आहेत. खोलीच्या कोपऱ्यात 1500 लिटरचा एक लहान सिलिंडर भरून ठेवलेला असतो. मिनिटाला दोन लिटर या मापाने तो बारा तास पुरतो. वीज तिन्ही दारांनी बंद झाली, तर तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंतची ही शिदोरी.

जनरेटर केव्हा लावायचा?

हे मला अनुभवाने उमगलं. सकाळी लावू नका. सकाळी बॅटरी पेट्रोलने काठोकाठ भरली आणि अकराला ऊन पडलं, तर सूर्याची फुकटची वीज ठेवायला जागाच उरत नाही. दिवसभर सूर्याला जेवढं देता येईल तेवढं देऊ द्या. संध्याकाळी सहाच्या सुमाराला बॅटरी पाहा. रात्रीला पुरणार नाही असं दिसलं, तर सहा ते नऊ जनरेटर लावा. त्या वेळात मिक्सर फिरवून घ्या. शेजाऱ्यांनाही मोबाईल भरायला बोलवा; म्हणजे आवाजाबद्दल कुणी कुरकुर करत नाही! नऊनंतर सगळीकडे शांत.

बॅटरी तळाला जाईपर्यंत वाट पाहू नका. आम्ही तीस टक्क्यांची खूण ठेवली आहे. किल्ली सापडली नाही, पेट्रोल चढलं नाही, असं काही झालं तरी हाताशी तीन-चार तास राहतात.

एरवी, खांबावरची वीज असताना, जूनपासून सप्टेंबरपर्यंत बॅटरी निम्म्याच्या खाली जाऊ देत नाही, आणि हवामान खात्याचा वादळाचा इशारा आला की शंभर टक्के भरून ठेवतो. इन्व्हर्टरमध्ये तशी सोय असते.

शेवटी एक विनंती

वादळाची वाट न पाहता एखाद्या रविवारी घरात रंगीत तालीम करा. मेन स्विच पाडा. काय चालू राहिलं, काय बंद पडलं ते यादीशी ताडून पाहा. मग घरातल्या प्रत्येकाने एकेकदा खटका फिरवून जनरेटर सुरू करून दाखवायचा. आमच्याकडे सासऱ्यांनी केला, कॉलेजात जाणाऱ्या मुलीनेही केला. बोर्डाशेजारी मी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला आहे. त्यावर सहाच ओळी आहेत:

1. जनरेटरभोवती पाहा, धुराची वाट मोकळी आहे ना.
2. तेल आणि पेट्रोल पाहा.
3. जनरेटर सुरू करा, दोन मिनिटं रिकामा चालू द्या.
4. मग खटका जनरेटरकडे फिरवा.
5. बंद करताना आधी खटका मध्ये आणा, मग जनरेटर बंद करा.
6. लाईट आली तरी घाई नको. दहा मिनिटं टिकली की मगच खटका खांबाकडे.

खाली डॉक्टरांचा, वायरमनचा आणि वीज कंपनीच्या तक्रार केंद्राचा फोन नंबर.

2025 च्या पावसाळ्यात एकदा तीन दिवस लाईट गेली होती. सासूबाईंचं यंत्र एकदाही केकाटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “काय गं, लाईट गेलीय म्हणे?” मी म्हटलं, “हो, परवापासून.”

तुमच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र नसेल, इन्शुलिन असेल. इन्शुलिन नसेल, तान्हं बाळ असेल. प्रत्येकीची ‘हवंच’ची यादी निराळी. पण ती यादी तुम्हीच करायची आहे, आणि ती पावसाआधी करा. वायरमनला बोलवायचं ते त्यानंतर.